लढाऊ रायफल व गोळीची रोधनशक्ती

चाल करून येणाऱ्या शत्रुसैनिकाला जागच्या जागी थांबविण्याची, म्हणजे त्याला तत्काळ लढण्यास असमर्थ करण्याची गोळीची क्षमता म्हणजे तिची रोधनशक्ती होय. मारकशक्ती व रोधनशक्ती यांत भेद करतात. गोळी लागलेला सैनिक काही तासांनी दगावला, परंतु मध्यंतरी पन्नास पावले धावून त्याने संगीन चालविली, तर ती गोळी मारक ठरते. रोधक ठरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बहुतेक प्रमुख सैन्यांनी रायफलींची तुलना करताना या गुणाचा विचार केला. तथापि तो मोजण्याचे सर्वमान्य परिमाण अद्यापि ठरलेले नाही. गोळीचा आकार जेव्हा जेव्हा लहान करण्यात आला, तेव्हा तेव्हा ती दुबळी असल्याची तक्रार रणांगणावरून आली. उलट त्याच मालिकेतील गोळ्या अतिक्रूर आहेत असा आक्षेप शस्त्रवैद्यांनी व मुत्सद्द्यांनी घेतला. या परस्परविरोधी तक्रारी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकल्या, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

तुलनेची परिमाणे : रायफलींची तुलना सामान्यतः नळीचा अंतर्व्यास, गोळीचे वजन व मुखवेग, म्हणजे नळीच्या तोंडातून बाहेर पडतानाचा गोळीचा वेग, यांवरून करतात. गोळीची गतिज ऊर्जा तिच्या वजनाच्या सम प्रमाणात, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केल्यास ऊर्जा चौपट होते. संवेग मात्र वजन व वेग यांच्या साध्या गुणाकाराइतका असतो. रायफलीची गोळी लागलेला माणूस तिच्या धक्क्याने मागे फेकला जातो, ही समजूत चुकीची आहे. ७·६२ मिमी. नाटो काडतुसाची सु. ९·५ ग्रॅ. वजनाची गोळी सु. ८४० मी./से. वेगाने ७० किग्रॅ. वजनाच्या माणसाच्या शरीरात शिरून तेथेच थांबली, तरी त्याच्या शरीराला सेकंदाला सु. ११ सेंमी. एवढीच गती मिळेल. रायफल झाडणाऱ्याच्या खांद्याला बसणारा धक्काही याहून कमी नसतो. सारांश, रोधन हे ढकलण्याने घडत नाही. मेंदू अथवा मज्जारज्जूचा वरचा भाग यांस इजा झाल्यास मनुष्य तत्क्षणी कोसळतो. अन्यत्र लागलेल्या गोळीचा परिणाम मुख्यतः रक्तस्रावावर अवलंबून असतो व त्यास वेळ लागतो. हृदय निकामी झाले, तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूच्या बळावर मनुष्य १० ते १५ सेकंद हालचाल करू शकतो. म्हणून गोळी कोठे लागली व शरीरात शिरल्यावर ती कशी वागली, या दोन गोष्टी अंतर्व्यासाइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाच्या ठरतात. इतिहासक्रमात मात्र हे ज्ञान फार उशिरा प्राप्त झाले.

लहान अंतर्व्यासाचा स्वीकार : ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा अंतर्व्यास ०·४५ इंच (११·४ मिमी.) होता. तिची आवरणहीन शिशाची गोळी सु. ३१ ग्रॅ. वजनाची असून काळ्या दारूच्या जोरावर ती सु. ४१० मी./से. वेगाने जात असे. मऊ शिसे हाडावर आदळताच चपटे होई व मोठी जखम करी. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय यांनी निर्धूम दारू सिद्ध केली आणि १८८६ साली फ्रेंच सैन्याने ८ मिमी. अंतर्व्यासाची लेबेल रायफल स्वीकारली. वाढलेल्या वेगामुळे शिसे नळीतील आट्यांत खरवडले जाऊ नये, यासाठी गोळीवर कठीण धातूचे आवरण चढविणे आवश्यक झाले. ब्रिटनने १८८८ साली ०·३०३ इंच (७·७ मिमी.) अंतर्व्यासाची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिची पूर्ण आवरणाची गोळी सु. १४ ग्रॅ. वजनाची होती व कॉर्डाइट दारूने तिचा वेग सु. ६१० मी./से. होई. मार्टिनी-हेन्रीच्या गोळीची गतिज ऊर्जा सु. २,६०० जूल व ली-मेटफर्डच्या गोळीचीही जवळजवळ तेवढीच होती. कागदोपत्री नवी गोळी जुनीपेक्षा उणी नव्हती. शिवाय तिचा मार्ग अधिक सरळ, पल्ला अधिक व वजन निम्म्याहून कमी होते. ती शरीरातून अरुंद मार्ग करून आरपार जात असल्याने, आता युद्धातील जखमा लवकर भरून येतील, असे अनेक यूरोपीय शस्त्रवैद्यांना वाटले व तिला मानवतावादी गोळी म्हणून गौरविण्यातही आले.

डमडम गोळी व हेग जाहीरनामा : १८९५ सालच्या चित्रळ मोहिमेत या गोळीविरुद्ध पहिली मोठी तक्रार झाली. गोळी लागूनही सरहद्दीवरील टोळीवाले पुढे येतच राहतात, असे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कळविले. ऊर्जा तेवढीच असूनही परिणाम निराळा होण्याचे कारण उघड होते. पूर्ण आवरणाची गोळी चपटी न होता आपली बरीचशी ऊर्जा बरोबर घेऊन शरीराबाहेर पडत असे. कोलकात्याजवळील डमडम येथील शस्त्रशाळेचे अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी यावर उपाय योजला. त्यांनी गोळीच्या टोकावरील आवरण काढून थोडे शिसे उघडे ठेवले. ही गोळी शरीरात शिरताच पुढील बाजूने पसरे. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत आफ्रिदी टोळ्यांविरुद्ध तिचा वापर झाला. इंग्लंडमध्ये याच हेतूने टोकाला पोकळी असलेली मार्क ४ ही गोळी तयार करण्यात आली. ‘डमडम’ हे नाव मुळात एकाच कारखान्यातील गोळीचे असले, तरी पुढे ते पसरणाऱ्या सर्वच गोळ्यांना लावण्यात येऊ लागले.

ट्यूबिंगेन येथील जर्मन शस्त्रवैद्य पाउल फोन ब्रुन्स यांनी १८९८ मध्ये पसरणाऱ्या गोळ्यांच्या जखमांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेल्या शिकारी गोळ्यांचे शिसे डमडम गोळीपेक्षा बरेच अधिक उघडे होते व त्यामुळे हा पुरावा लागू होत नाही, असा ब्रिटनचा प्रतिवाद होता. १८६८ च्या सेंट पीटर्झबर्ग जाहीरनाम्याने शत्रूला लढण्यास असमर्थ करण्यापुरतेच बळ वापरावे, निष्कारण यातना वाढवू नयेत, हे तत्त्व मान्य करून ४०० ग्रॅ. पेक्षा कमी वजनाची स्फोटक प्रक्षेप्ये निषिद्ध ठरविली होती. त्याच तत्त्वाच्या आधारे २९ जुलै १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. ब्रिटन व अमेरिका यांनी या बंदीस विरोध केला. सुसंस्कृत सैनिक जखमी झाल्यावर मागे हटतो, परंतु रानटी शत्रू गोळी लागूनही धावून येतो, असा युक्तिवाद ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी केला.

या युक्तिवादातील भेदभाव पुढच्याच वर्षांत स्पष्ट झाला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२), म्हणजे यूरोपीय वंशाच्या शत्रूविरुद्ध, ब्रिटनने पोकळ टोकाच्या गोळ्या मागे घेऊन पूर्ण आवरणाची मार्क २ गोळीच वापरण्याचे ठरविले. हेग जाहीरनामाही केवळ करार करणाऱ्या राष्ट्रांतील युद्धापुरताच बंधनकारक होता. ज्या आफ्रिदींच्या शरीरांवर या गोळीची परीक्षा झाली होती, त्यांना त्याचे कोणतेही संरक्षण मिळाले नाही. ब्रिटनने हा जाहीरनामा १९०७ साली स्वीकारला; अमेरिका त्यात औपचारिकपणे कधीच सहभागी झाली नाही.

अशीच तक्रार अमेरिकी सैन्याने फिलिपीन्समध्ये ०·३८ इंची रिव्हॉल्व्हरविषयी केली. तेव्हा १९०४ साली जॉन टी. टॉमसन व शस्त्रवैद्य लुई ला गार्ड यांनी शिकागो येथील कत्तलखान्यातील जनावरांवर व मृत मानवी देहांवर प्रयोग करून पिस्तुलाच्या गोळीचा व्यास ०·४५ इंचापेक्षा कमी नसावा, अशी शिफारस केली. प्रयोगांची संख्या अल्प व निष्कर्षाची पद्धत ढोबळ असूनही, गोळी जेवढी जाड तेवढी ती रोधक, ही कल्पना यामुळे दीर्घकाळ रूढ झाली.

टोकदार गोळी : पसरणाऱ्या गोळीचा मार्ग बंद झाल्यावर संशोधकांनी वेग व आकार यांकडे लक्ष वळविले. जर्मनीने १९०५ साली सु. १० ग्रॅ. वजनाची टोकदार गोळी स्वीकारली. तिचा मुखवेग ८५० मी./से. हून अधिक होता. अमेरिकेने १९०६ साली व ब्रिटनने १९१० साली हेच केले. ब्रिटनच्या ०·३०३ इंची मार्क ७ गोळीचे वजन ११·३ ग्रॅ. व मुखवेग सु. ७४४ मी./से. होता. तिच्या टोकाच्या आत शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरलेला असे. त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकून गोळी शरीरात शिरताच आडवी होई. ती पसरत नव्हती व चपटीही होत नव्हती. म्हणजे जाहीरनाम्याच्या शब्दांचे पालन होत होते. जखम मात्र जुन्या गोल टोकाच्या गोळीपेक्षा मोठी होत असे. रोधनशक्ती केवळ व्यासात नसून गोळीच्या शरीरातील वर्तनात आहे, याचा हा महत्त्वाचा पुरावा होता. दोन्ही महायुद्धांत ही गोळी वापरात होती आणि भारतीय सैनिकही हीच गोळी वापरून लढले.

मध्यम शक्तीचे काडतूस : दुसऱ्या महायुद्धातील अनुभवावरून पायदळाची बहुतेक गोळागोळी ३०० मी. च्या आतच होते, असे दिसून आले. १,००० मी. पर्यंत मारा करणारे जड काडतूस प्रत्येक सैनिकाला देणे अनाठायी ठरू लागले. जर्मनीने ७·९२ मिमी. अंतर्व्यासाचे आखूड काडतूस व त्यासाठी एसटीजी ४४ ही रायफल बनविली. सोव्हिएट रशियाने ७·६२ × ३९ मिमी. काडतूस तयार करून १९४९ साली एके-४७ रायफल स्वीकारली. तिच्या ७·९ ग्रॅ. गोळीचा मुखवेग सु. ७१५ मी./से. व ऊर्जा सु. २,००० जूल असते. ब्रिटनने ०·२८० इंची काडतूस व ईएम-२ रायफल १९५१ साली मान्य केली; परंतु अमेरिकेने अधिक शक्तिशाली काडतुसाचा आग्रह धरला आणि १९५४ साली नाटो राष्ट्रांनी ७·६२ × ५१ मिमी. काडतूस स्वीकारले. त्याची ऊर्जा सु. ३,३०० जूल असते. बेल्जियमची एफएन एफएएल, जर्मनीची जी ३ व अमेरिकेची एम १४ या रायफली याच काडतुसासाठी होत्या. मात्र स्वयंचलित मारा करताना त्यांच्या जोरदार धक्क्यामुळे नेम राखणे कठीण जाई.

दरम्यान अमेरिकी सैन्यासाठी संशोधन करणाऱ्या संस्थेतील नॉर्मन हिचमन यांनी १९५२ च्या अहवालात दाखवून दिले की, प्रत्यक्ष लढाईत १०० यार्डांपलीकडे नेम लागण्याचे प्रमाण झपाट्याने घटते. गोळीची शक्ती वाढविण्यापेक्षा ती लागण्याची शक्यता वाढविणे अधिक हिताचे आहे, हा त्यातील मथितार्थ होता. न लागलेल्या गोळीची रोधनशक्ती शून्य असते.

५·५६ मिमी. गोळीचा वाद : या विचारातून यूजीन स्टोनर यांची एआर-१५ व तिच्यापासून एम १६ ही रायफल निर्माण झाली. तिच्या ५·५६ × ४५ मिमी. काडतुसातील गोळीचे वजन अवघे ३·६ ग्रॅ., मुखवेग सु. ९९० मी./से. व ऊर्जा सु. १,७५० जूल असते. पूर्ण काडतुसाचे वजन सु. १२ ग्रॅ., म्हणजे ७·६२ मिमी. नाटो काडतुसाच्या निम्मे भरते. त्यामुळे तेवढ्याच ओझ्यात सैनिक दुप्पट काडतुसे नेऊ शकतो. व्हिएटनाममधून १९६२ साली आलेल्या पहिल्या अहवालांत या गोळीमुळे झालेल्या भयंकर जखमांची वर्णने होती. १९६६-६७ मध्ये मात्र दारूतील बदल, नळीच्या आतील क्रोमियमच्या लेपाचा अभाव व साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा यांमुळे रायफली अडकू लागल्या व त्यात अमेरिकी सैनिकांचे प्राण गेले. रायफलीच्या विश्वसनीयतेशिवाय गोळीच्या शक्तीला अर्थ नाही, हे यावरून दिसले. सोव्हिएट रशियाने १९७४ साली ५·४५ मिमी. अंतर्व्यासाची एके-७४ स्वीकारून हाच मार्ग धरला.

१९७० नंतर या लहान गोळ्यांना अतिक्रूर ठरवून त्यांच्यावर निर्बंध घालावेत, अशी मागणी स्वीडनसह काही राष्ट्रांनी केली. ल्यूसर्न (१९७४) व लुगानो (१९७६) येथील तज्ञपरिषदांत तिची चर्चा झाली. १९७९ साली संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने बंदी न घालता, लहान अंतर्व्यासाच्या शस्त्रांच्या जखमांवर अधिक संशोधन व्हावे, असा ठराव केला. १९८० साली नाटोने ५·५६ मिमी. काडतुसाचा बेल्जियन एसएस १०९ हा ४ ग्रॅ. गोळीचा, टोकात पोलाद असलेला प्रकार प्रमाणभूत मानला. १९९३ साली मोगादिशू येथील चकमकीनंतर मात्र नेमकी उलट तक्रार झाली. याच प्रकारची गोळी सुईप्रमाणे आरपार जाते व शत्रू थांबत नाही, असे सैनिकांनी सांगितले. चित्रळच्या तक्रारीशी तिचे साम्य उघड आहे.

जखमेचे शास्त्र : या विरोधाचा उलगडा प्रामुख्याने अमेरिकी लष्करी शस्त्रवैद्य मार्टिन फॅकलर यांच्या प्रयोगांनी झाला. १९८१ पासून सॅन फ्रान्सिस्को येथील लष्करी प्रयोगशाळेत त्यांनी स्नायूंशी साम्य असणाऱ्या १०% जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून त्यांचे मार्ग तपासले. गोळीने प्रत्यक्ष चिरडलेल्या ऊतकाची कायमची पोकळी आणि वेगामुळे क्षणभर ताणली जाणारी तात्पुरती पोकळी, असे दोन परिणाम त्यांनी वेगळे केले. स्नायू व फुप्फुस असा ताण बऱ्याच अंशी सहन करतात. यकृत मात्र फाटते. टोकदार गोळीचे शेपूट जड असल्याने शरीरात ती उलटू पाहते. हवेत तिला स्थैर्य देणारी फिरकी, हवेपेक्षा सु. ८०० पट घन असलेल्या मांसात अपुरी पडते. उलटण्यापूर्वी गोळी सरळ किती अंतर कापते, हे तिच्या रचनेवर अवलंबून असते. एके-४७ ची मूळ गोळी सु. २६ सेंमी., ७·६२ मिमी. नाटो गोळी सु. १५ सेंमी., एम १६ ची मूळ गोळी सु. १२ सेंमी. व एके-७४ ची गोळी सु. ७ सेंमी. सरळ जाते. माणसाचा दंड वा मांडी २६ सेंमी. पेक्षा पातळ असते. म्हणून एके-४७ ची अधिक ऊर्जेची गोळी अनेकदा साध्या जखमा करते. एम १६ ची गोळी आडवी होताच तिच्या कमरेभोवतीच्या खाचेपाशी मोडते व तिचे तुकडे ऊतकांची चाळण करतात. परंतु यासाठी तिचा वेग सु. ८२० मी./से. हून अधिक असावा लागतो. अंतर वाढले किंवा नळी आखूड असली, तर वेग कमी पडून गोळी न मोडताच आरपार जाते. एम १६ ची नळी ५०८ मिमी., तर पुढे आलेल्या एम ४ कार्बाइनची ३६८ मिमी. लांब आहे. एकच काडतूस जवळून क्रूर व दुरून दुबळे का ठरते, हे यावरून कळते. १९७९ चा आक्षेप व १९९३ ची तक्रार यांत म्हणूनच विसंगती नव्हती.

भारतातील अनुभव : १९६२ च्या चीनविरुद्धच्या युद्धात भारतीय पायदळाचे मुख्य शस्त्र ०·३०३ इंची बोल्ट रायफल हेच होते. त्यानंतर ईशापूर येथे एफएएलच्या धर्तीवरील ७·६२ मिमी. ची १ए स्वयंभरण रायफल तयार होऊ लागली. तिच्या जागी आलेली ५·५६ मिमी. इन्सास रायफल पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने विकसित केली व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखान्यात तिच्या काडतुसांचे उत्पादन झाले. १९९९ च्या कारगिल संघर्षात थंडीत मॅगझिनला तडे जाणे, यंत्रणा अडकणे अशा तक्रारी झाल्या. त्यांचा गोळीच्या शक्तीशी संबंध नव्हता. तथापि काश्मीरमधील दहशतवादविरोधी कारवायांत सैनिक एके-४७ पसंत करीत. लहान गोळी शत्रूला ठार न करता जखमी करते व त्याला उचलण्यात त्याचे दोन साथीदार गुंततात, असे ५·५६ मिमी. चे समर्थन भारतात वारंवार करण्यात आले. मूळ अमेरिकी मागणीत असा हेतू नव्हता. ५०० यार्डांवर पोलादी शिरस्त्राण भेदण्याची अपेक्षा तीत होती. शिवाय आपल्या जखमींना मागे नेण्याची व्यवस्था नसलेल्या शत्रूविरुद्ध हे समर्थन टिकत नाही. २०१९ साली भारताने ७·६२ × ५१ मिमी. च्या ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला. २०२१ साली ७·६२ × ३९ मिमी. च्या सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली उत्तर प्रदेशातील कोरवा येथे बनविण्याचा करार रशियाशी झाला.

उपसंहार : अमेरिकी सैन्यानेही २०१० साली ५·५६ मिमी. ची सुधारित गोळी व २०२२ साली ६·८ मिमी. अंतर्व्यासाची रायफल निवडली. दुसऱ्या निवडीमागे चिलखत भेदण्याची गरज व दूरचा पल्ला ही कारणे होती. अशा रीतीने सैन्ये लहान गोळीकडून मोठीकडे व पुन्हा लहानकडे वळत आली आहेत. प्रत्येक निवडीत गोळीचा परिणाम, नेम लागण्याची शक्यता, सैनिकाचे ओझे व रायफलीची विश्वसनीयता यांचा मेळ घालावा लागतो. यांपैकी एकाच गुणावरून रायफलीची श्रेष्ठता ठरविता येत नाही. त्याबरोबरच, शत्रूला थांबविणारी शक्ती व त्याला यातना देणारी शक्ती या एकाच जखमेच्या दोन बाजू असल्याने तिला कायद्याची मर्यादा आवश्यक ठरते. १९९८ च्या रोम संविधीने आंतरराष्ट्रीय युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांचा वापर हा युद्धगुन्हा ठरविला आणि २०१० च्या कंपाला येथील दुरुस्तीने, ती स्वीकारणाऱ्या राष्ट्रांपुरता, हा नियम देशांतर्गत सशस्त्र संघर्षांनाही लागू केला. १८९९ साली तिराहच्या टोळ्यांना ज्या कायद्याबाहेर ठेवले गेले होते, त्याच्या कक्षेत तशा संघर्षांतील माणूस येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.